असू दे, कामाला येईल

मराठी घरात भेटवस्तू आली की दोन निर्णय घ्यावे लागतात. आतल्या मालाचं काय करायचं, हा पहिला. तो सोपा असतो. घरात मुलं असली तर तो आपोआपच होतो. दुसरा निर्णय खोक्याचा. त्याला घरातली कर्ती बाई लागते. ती खोकं हातात घेते, झाकण दोनदा काढून घालून पाहते, तळाला बोटाने टकटक करते आणि म्हणते, "असू दे, कामाला येईल." एवढं म्हटलं की त्या खोक्याला मरण नाही.

श्रीखंडाच्या डब्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा ज्याने आशेने उघडला आणि आत निवडलेली कोथिंबीर पाहिली, तो माणूस पुढे आयुष्यात कुठल्याही लेबलावर विश्वास ठेवत नाही. पण प्लास्टिकचा डबा हा शेवटी रोजंदारीवरचा. खरा मान कडक पुठ्ठ्याच्या खोक्याला. घडी न होणारं, कोपरे टोकदार, वरून कागद गुळगुळीत. महागड्या मोबाइलची खोकी याच कुळातली. त्यांचं झाकण इतकं बेतून केलेलं असतं की आतली हवा फटीतून निघेपर्यंत ते खाली बसत नाही. आमच्या दादाचा एक फोन रिक्षात राहिला, दुसरा पाण्याच्या बादलीत गेला. दोन्हींची खोकी मात्र माळ्यावर सुखरूप आहेत. एकात आईची जपमाळ असते, दुसऱ्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही, पण ते टाकायचं नाही एवढं ठरलेलं आहे.

हे सगळं सांगायचं कारण, यंदा आमच्या घरावर खोकं घ्यायची नव्हे, करून घ्यायची वेळ आली.

वहिनींचा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. डिंकाचे लाडू, बेसनाचे लाडू, चकली, शंकरपाळी. आजवर हा माल पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांतून जायचा आणि गिऱ्हाईक खूश असायचं, कारण आत काय आहे ते न उघडता दिसायचं. यंदा हिंजवडीच्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी पाचशे भेटींची विचारणा केली. निरोपात एकच अट होती: पॅकेजिंग जरा प्रीमियम हवं. प्रीमियम म्हणजे नेमकं काय, हे लिहिलेलं नव्हतं. दादा म्हणाला, "प्रीमियम म्हणजे तेच लाडू, कमी संख्येने."

मग पुण्याच्या रविवार पेठेची वारी झाली. पिशव्या बोहरी आळीत कुठेही मिळतात, पण कडक खोकी करणारा कारागीर आणखी दोन बोळ आत असतो. वहिनींनी सोबत मला नेलं, कारण दुपारी रिकामा असणारा घरातला मी एकटाच पुरुष. दुकानात छतापर्यंत नमुने. काका गल्ल्यावर. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, कप्पा किती एमएमचा?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

कप्पा म्हणजे तो राखाडी, जाड पुठ्ठा, हे ज्ञान मग काकांकडूनच मिळालं. दीड ते तीन मिलीमीटरचा, मुख्यतः रद्दीपासून केलेला. त्याचे तुकडे कापायचे, चौकट उभी करायची आणि वरून छापील आर्ट पेपर खळीने चिकटवायचा. म्हणजे तुम्ही गेल्या वर्षी ज्या वर्तमानपत्रावर पोहे खाल्ले, तेच यंदा मॅट लॅमिनेशन करून, सोनेरी फॉइल लावून, रेशमी फितीसकट तुमच्याकडे परत येण्याची शक्यता आहे. साबणाचं किंवा टूथपेस्टचं खोकं वेगळं. ते एकाच पातळ बोर्डाचं, घडीचं. त्याचा शोध मोठा गमतीचा आहे. 1879 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर नावाचे छापखानेवाले बियाण्यांच्या पिशव्या छापत होते. यंत्रातली एक धातूची पट्टी जागची हलली आणि तिने पिशव्या कापल्याच. आपल्याकडे असं झालं असतं तर कारागिराचा दिवसाचा पगार कापला असता. गेअरनी विचार केला, की पट्टीने कापता येतं आणि घडीही पाडता येते, तर खोकं एकाच झटक्यात का होऊ नये? तेव्हापासून स्वस्त खोकी यंत्राने धडाधड होऊ लागली. कडक खोकं मात्र आपला तोरा सांभाळून राहिलं. परदेशात त्याचीही यंत्रं आहेत, पण पाचशेच्या ऑर्डरला आपल्याकडे अजून माणसाचे हातच लागतात. भाव ऐकून छाती दडपते ती त्यामुळे.

प्रकारांची यादी काकांनी एका दमात म्हणून दाखवली. टॉप-बॉटम, म्हणजे वेगळं झाकण. काडेपेटी टाइप, म्हणजे फीत ओढली की आतला खण बाहेर. आणि मॅग्नेटवालं, ज्याचं झाकण पुस्तकासारखं उघडतं आणि मिटताना टक् असा आवाज करतं. हल्ली सगळ्या कंपन्यांना हा टक् हवा असतो, असं काका म्हणाले. त्यांनी तो आम्हाला पुनःपुन्हा ऐकवला. ऐकून खरंच असं वाटतं की आपलं काहीतरी मोठं काम झालं. घरी नमुना आणल्यावर आईने मात्र चुंबकावर नेमकं बोट ठेवून विचारलं, "यात सुया ठेवल्या तर सांडायच्या नाहीत, नाही का गं?" लाडवांचा विषय तिच्या लेखी संपलेला होता.

आता वजनाचा मुद्दा, आणि इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण खोकं निवडणारे लोक रंग बघतात, फॉइल बघतात, वजन कोणी बघत नाही. कंपनीला 30 बाय 25 सेंटीमीटरचं आणि 10 सेंटीमीटर उंचीचं ऐसपैस खोकं आवडलं होतं. दोन मिलीमीटरच्या कप्प्याचं वजन चौरस मीटरला साधारण सव्वा किलो पडतं. तळ, चारी भिंती, झाकण आणि वरचा कागद धरला की असं एक रिकामं खोकं अर्ध्या किलोला जेमतेम कमी भरतं. आत पाऊण किलो फराळ, बाहेर अर्धा किलो पुठ्ठा. मिठाईच्या दुकानात बर्फी खोक्यासकट तोलली जाते, हे मराठी माणसाचं जुनं दुःख आहे. त्यावर दिवाळीच्या आसपास वाचकांची पत्रं छापून येतात. वेष्टनाचं वजन सोडूनच निव्वळ वजन धरायचं असा स्पष्ट नियम आहे, आणि वैधमापनवाले तो बजावतही असतात. तरी दुकानदार खोक्यासकट तोलतो आणि गिऱ्हाईक काट्याकडे रोखून बघतं, हा सामना दर सणाला होतो. असल्या गिऱ्हाइकाच्या हातात अर्धा किलो पुठ्ठा दिला, तर ते आधी खोकं रिकामं करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर लाडू तोलणार. मग लाडू कितीही चांगले असोत, तोंडात जाताना हिशेब सोबत जाणार.

याहून भारी प्रकरण कुरियरचं. निम्मे कर्मचारी घरून काम करणारे, तेव्हा निम्मी खोकी नाशिक, सोलापूर, बेळगाव, बंगळूर अशी जायची. कडक खोकं उघडं पाठवता येत नाही, कोपरे दबतात. बाहेरून साधं कोरुगेटेड कार्टन घालावंच लागतं. ते झालं 32 बाय 27 बाय 12. कुरियरवाला माल काट्यावर ठेवतो, मग टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजतो, गुणाकार करतो आणि बहुतेक वेळा त्याला 5000 ने भागतो. जे वजन जास्त येईल त्याचे पैसे. आमचा गुणाकार 10,368, म्हणजे दोन किलोंच्या थोडा वर, आणि तो अर्ध्या किलोच्या टप्प्याने मोजत असल्यामुळे अडीच. काट्यावर तो जिन्नस दीड किलोच्या आतबाहेर होता. उरलेला किलोभर काय, असं दादाने विचारलं. हवा. पुण्याची हवा चांगली असं पूर्वीचे लोक म्हणायचे आणि फुकट देऊन टाकायचे. आम्ही ती किलोच्या भावाने बंगळूरला पाठवणार होतो.

जागेचंही तसंच. घडीचं खोकं सपाट येतं, पलंगाखाली सरकवता येतं. कडक खोकं पहिल्या दिवसापासून पूर्ण आकाराचं. तसली पाचशे खोकी रचली तर दहा फूट लांब, दोन फूट खोल आणि सुमारे सात फूट उंच अशी भिंत उभी राहते. आमच्या घरात अशी एकच जागा होती आणि तिथे वडिलांचा पलंग होता. वडील म्हणाले, माझी काही हरकत नाही, फक्त मला कुठे ठेवणार ते सांगा. घडी होणारी मॅग्नेटची खोकीही निघाली आहेत, ती आल्यावर कोपरे चिकटवून उभी करायची. पण पाचशे खोक्यांचे कोपरे ऐन चकलीच्या दिवसांत कोण चिकटवणार, या प्रश्नावर घरातले सगळे पुरुष एकदम कामात गेले.

रंगाची चर्चा मी थोडक्यात आटोपतो, ती आमच्याकडेही आटोपायला हवी होती. कंपनीच्या बाईंना काळा हवा होता, काळा रंग म्हणे उंची दिसतो. आईने विचारलं, "संक्रांत आहे का?" मोबाइलवर जो मोरपंखी झळकत होता तो मॅट लॅमिनेशनखाली गेल्यावर शाळेच्या गणवेशाचा निळा झाला. शेवटी मरून ठरला. मरून रंगाबद्दल कोणालाच प्रेम नसतं आणि कोणाचीच तक्रार नसते. मोठे निर्णय असेच होतात.

छपाईत मात्र मराठीची खरी परीक्षा असते. भाचीने संगणकावर सुंदर अक्षरांत "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" लिहून दिलं. छापखान्याच्या संगणकावर ती फाइल उघडली तेव्हा दिवाळीची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली होती आणि हार्दिकचा रफार सुटा होऊन हवेत फिरत होता. म्हणून महाराष्ट्रातला कुठलाही छापखानेवाला नमस्काराच्या आधी विचारतो, "कर्व्ह करून आणलंय का?" म्हणजे अक्षरांची अक्षरं न ठेवता त्यांची चित्रं करून आणली आहेत का. मग त्यांचं व्याकरण कोणी बिघडवू शकत नाही. फक्त चूक असेल तर तीही कायमची होते. सोनेरी फॉइलचं आणखी एक दुखणं. फॉइल तापलेल्या ठशाने दाबतात. बारीक रेषा आणि छोटी भोकं तिला सोसत नाहीत. नमुन्यात 'हार्दिक'चा रफार उडाला आणि 'भ'चं पोट सोन्याने भरून गेलं. काकांचा सल्ला होता की इंग्रजी टाका, सरळ येतं. वहिनींनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर त्यांनी अक्षर दोन पॉइंटांनी जाड करून दिलं आणि त्याचे जादा पैसे लावले नाहीत.

सौंदर्यावर कायद्याचाही अंकुश आहे. डिझाइन करणाऱ्या मुलाला खोक्याचा दर्शनी भाग कोरा हवा होता. शाकाहाराचा हिरवा ठिपका तो तळाला ढकलत होता. तो ठिपका समोर, नावाच्या जवळच लागतो. आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख यांनाही घर द्यावं लागतं. मुलगा हिरमुसला. त्याला म्हटलं, अरे, लग्नपत्रिकेत सगळ्या आत्यांची नावं बसवूनही पत्रिका छान दिसतेच ना.

आणि आतलं? खोकं करणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा घड्याळ किंवा अत्तर असतं. काकांनी आत मखमल लावलेला फोम दाखवला, लाडवासाठी गोल खड्डे पाडलेला. दिसायला दृष्ट लागेल असा. पण डिंकाच्या लाडवात तूप असतं आणि तूप कोणाचं ऐकत नाही. दोन दिवसांत मखमलीला डाग, चौथ्या दिवशी कप्प्याला. उलट दिशेनेही प्रवास होतो: ताज्या खळीचा वास बंद खोक्यात लाडवात उतरतो. म्हणून खोकी आल्यावर चार दिवस उघडी ठेवायची, आत अन्नासाठी चालणारा कागद आणि साध्या पुठ्ठ्याचे खण घालायचे. चकली वेगळ्या पाकिटात. मखमलीचा मान दागिन्यांना ठेवावा.

पुढे ऑर्डरची धावपळ सुरू झाली आणि आणखी एक अडचण कळली. 2022 मधल्या 'पन्नास खोके'च्या राजकीय घोषणेनंतर महाराष्ट्रात खोक्यांबद्दल चारचौघांत मोठ्याने बोलता येत नाही. वहिनी पीएमपीएमएलच्या बसमध्ये फोनवर म्हणाल्या, "आधी पन्नास खोकी पाठवा, उरलेली नंतर बघू," तेव्हा पुढच्या सीटवरची माणसं वळून त्यांच्याकडे आदराने पाहू लागली.

शेवटी निर्णय झाला तो ना कंपनीच्या बाईंमुळे, ना डिझाइनवाल्या मुलामुळे. काकांनी वेगवेगळ्या मापांचे कोरे नमुने दिले होते. कोरा नमुना करून घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, हे इथेच सांगून ठेवतो. त्याचे पैसे लागतात आणि ते द्यावेत. नमुने टेबलावर मांडून आम्ही वाद घालत होतो. आई उठली, आतून रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन आली आणि एकेका खोक्यात त्या उभ्या लावून पाहू लागली. मोठ्या खोक्यात पट्ट्या आडव्या पडल्या. काडेपेटीवाल्यात खण ओढताना अडकल्या. 24 बाय 16, उंची 6, टॉप-बॉटम. त्यात त्या ताठ उभ्या राहिल्या आणि शेजारी वीजबिलांना जागाही उरली. "हे घे," ती वहिनींना म्हणाली.

वहिनींनी त्यात लाडू लावले. तीन रांगा, रांगेत चार, बरोबर बारा. अर्धा किलो. कप्पा दीड एमएमचा पुरला. रिकाम्या खोक्याचं वजन निम्म्याहून खाली आलं, कार्टनसकट माल कुरियरच्या एक किलोत बसला, आणि पाचशे खोक्यांची भिंत वडिलांच्या पलंगामागे मावली. फराळाबरोबर एवढं गणित एका माणसाने केलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आईने ते केलं गोळ्यांच्या पट्ट्यांनी.

यात तिचं काही नवीन नव्हतं, इतकंच. 1868 मध्ये इंग्लंडच्या कॅडबरींनी चॉकलेटसाठी चित्रं लावलेली शोभिवंत खोकी काढली. चॉकलेट संपल्यावर लोकांनी ती खोकी जपली. त्यात पत्रं, फिती, आठवणीच्या वस्तू ठेवल्या. तिकडे प्रेमपत्रं, इकडे मेटफॉर्मिन. खोक्याला फरक पडत नाही. धंद्याच्या दृष्टीने मात्र पडतो. लाडू चार दिवस घरात राहतो, खोकं दहा वर्षं, आणि झाकणावरचं नाव सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर येतं. जाहिरातीला एवढी जागा घराघरांत कोणी भाड्याने देत नाही. अट एकच, खोकं घरात ठेवण्याजोगं असलं पाहिजे. आणि आतल्या मालापेक्षा ते फार वरचढ असता कामा नये. मोठ्या थाटाचं खोकं उघडून आत मूठभर बदाम दिसले, की लोक खोकं ठेवतात आणि देणाऱ्याचं नाव कायमचं लक्षात ठेवतात, पण ते वेगळ्या कारणासाठी.

तेव्हा ज्यांना अशी खोकी करून घ्यायची आहेत त्यांना एवढंच सांगणं. झाकणावर साल छापू नका. उरलेली खोकी पुढच्या वर्षी चालत नाहीत आणि मिळालेलं खोकं पुढे कोणाला देता येत नाही, मग घेणाराही मनात खट्टू होतो. कंपनीचं नाव हवंच असेल तर ते वरच्या कागदी पट्टीवर टाका, खोकं साधं राहू द्या. आणि नमुना आषाढीच्या आत पक्का करा. श्रावणात हवा ओली असते, खळ लवकर वाळत नाही आणि घाईने लावलेलं झाकण वाळताना पापडासारखं वळतं. गणपतीत कोकणातले कारागीर गावी जातात. आणि दिवाळीच्या तोंडावर खोकेवाला फोनच उचलत नाही.